भाड्याने देण्यासाठी घर : परिसर कसा पारखावा?

गेल्या काही आठवड्यांत घरभाड्याच्या उत्पन्नासाठी घर घेऊ इच्छिणाऱ्या अनेक वाचकांची पत्रे आली. बहुतेकांचा प्रश्न घराचा नसून परिसराचा आहे, म्हणून या वेळी सदरातील सर्व उत्तरे त्याच विषयाला दिली आहेत.

प्रश्न : मी दोन वर्षांत निवृत्त होईन. हाती येणाऱ्या रकमेतून एक घर घेऊन ते भाड्याने द्यावे, असा विचार आहे. दोन परिसर पाहिले. एक शहराच्या मध्याजवळचा, जुना आणि पूर्ण वसलेला आहे. तेथे माझ्या रकमेत लहान घर मिळते. दुसरा शहराच्या कडेला असून तेथे काही वर्षांत मेट्रो येणार आहे. तेथे त्याच रकमेत मोठे घर मिळते आणि किमती झपाट्याने वाढत आहेत. कोणता निवडावा?

उत्तर : आपल्या पत्रात किमतीविषयी बरेच आहे, पण त्या घरात राहायला येणाऱ्या माणसाविषयी काहीच नाही, आणि माझ्या मते विचाराची सुरुवात तेथूनच व्हायला हवी. घर एकच असले तरी त्याची किंमत आणि त्याचे भाडे यांचे उगम वेगवेगळे असतात. किंमत पुढच्या काळाच्या अपेक्षेवर चढते; दहा वर्षांनी येथे काय होईल, या कल्पनेचे पैसे आजच मोजले जातात. भाडे मात्र चालू महिन्याच्या पगारातून दिले जाते. पुढे कधीतरी येणाऱ्या मेट्रोसाठी भाडेकरू आज एक पैसाही जादा देत नाही, कारण तोवर तो दुसरीकडे राहायला गेलेला असेल. त्यामुळे किमती वेगाने चढणाऱ्या परिसरात भाडे मागे राहते आणि गुंतवलेल्या रकमेच्या मानाने उत्पन्न कमी कमी होत जाते. घराच्या किमतीला वर्षाच्या भाड्याने भागून पाहिले की हे लगेच लक्षात येते : उत्तर 20 आले तर ढोबळ परतावा, म्हणजे खर्च वजा करण्यापूर्वीचा परतावा, 5 टक्के असतो, 40 आले तर तो अडीच टक्क्यांवर येतो. हा भागाकार दोन्ही परिसरांसाठी करा, आणि त्यात मागितले जाणारे भाडे न घेता प्रत्यक्ष करारांत ठरलेले भाडे घ्या.

मेट्रोमुळे जमिनीचे मोल वाढते, यात शंका नाही. हाँगकाँगमध्ये रेल्वे चालवणारी कंपनी स्थानकांवर आणि त्यांच्या आसपास इमारती उभारून त्या वाढीचा मोठा वाटा स्वतःच मिळवते. परंतु मार्ग जाहीर होतो तेव्हाच विक्रेत्यांना हे ठाऊक झालेले असते आणि वाढीचा बराच भाग खरेदीदाराकडून आधीच वसूल होतो. शिवाय ‘मेट्रोजवळ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. नगररचनाकार साधारणपणे 800 मीटर, म्हणजे दहा मिनिटांची चाल, हे स्थानकाचे प्रभावक्षेत्र मानतात. घरापासून स्थानकापर्यंत एकदा स्वतः चालून पाहा, वाटेत ओलांडावा लागणारा मोठा रस्ता आणि संध्याकाळनंतरचा अंधारही लक्षात घ्या. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये, वाहतूक विश्लेषक याकोव झहावी यांच्या आधीच्या अभ्यासाच्या आधारे, असे मांडले की माणसे रोजच्या ये-जा करण्यासाठी सरासरी सुमारे एक तास खर्च करतात. वाहने वेगवान झाली की माणसे प्रवासाचा वेळ वाचवण्याऐवजी अधिक दूर राहायला जातात. म्हणून भाडेकरूसाठी अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा मिनिटांत मोजणे योग्य ठरते. कामाच्या ठिकाणी पोहोचायला एका वेळी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त लागत असेल, तर घर कितीही प्रशस्त असले तरी तेथे राहू इच्छिणाऱ्यांची संख्या कमी होते.

कडेच्या परिसराबाबत आणखी एक गोष्ट आपण स्वतः जाऊन पाहावी, ती म्हणजे आजूबाजूची मोकळी जमीन. खिडकीतून दिसणारे मोकळे रान आज मनाला प्रसन्न करते, पण भाड्याच्या दृष्टीने ते उद्याचे स्पर्धक असते. तेथे चार मोठे गृहप्रकल्प उभे राहिले की शेकडो घरे एकाच वेळी भाड्यासाठी बाजारात येतात आणि नवी इमारत, नवी लिफ्ट पाहून भाडेकरू तिकडे वळतो. वसलेल्या परिसरात नवी भर घालायला जागाच नसते, त्यामुळे मागणी थोडी वाढली तरी तिचा परिणाम भाड्यावर दिसतो.

आता रिकाम्या महिन्यांचा हिशेब मांडू, कारण परिसराचा खरा कस तेथेच लागतो. समजा, दोन परिसरांतील घरांची किंमत 100 आहे. पहिल्या घराचे वार्षिक भाडे 4 आहे, भाडेकरू तीन वर्षे टिकतो आणि त्यानंतर घर एक महिना रिकामे राहते. म्हणजे 37 महिन्यांपैकी 36 महिन्यांचे भाडे मिळते आणि वर्षाची सरासरी 3.89 येते. कर, देखभाल आणि विमा यांसाठी 0.8 वजा केले तर 3.09 उरतात. दुसऱ्या घराचे भाडे 5 आहे, पण भाडेकरू दर वर्षी बदलतो आणि दर वेळी दोन महिने जातात. तेव्हा वर्षाला 4.17 मिळतात, त्यातून तेच 0.8, आणि दर वर्षीची रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती व दलाली यांचे 0.5 गेले की 2.87 उरतात. कागदावर सव्वापट भाडे देणारे घर हातात कमी पैसे देते. एक महिना रिकामा गेला की वर्षाच्या भाड्यातले सव्वाआठ टक्क्यांहून थोडे अधिक जातात, हे प्रमाण कायम लक्षात असू द्यावे.

आपल्याला निवृत्तीनंतर दरमहा उत्पन्न हवे आहे. अशा स्थितीत मी मध्याजवळचे लहान घर निवडेन. लहान घराला क्षेत्रफळाच्या मानाने भाडे बहुधा जास्त मिळते, आणि एकूण भाडे आटोक्यात असल्यामुळे ते परवडणारी माणसेही अधिक असतात. मात्र जुन्या परिसरात इमारतही जुनी असते. जमिनीचे मोल टिकते, बांधकामाचे झिजते. छताची गळती, पाण्याच्या जुन्या नळवाहिन्या, लिफ्टचे वय आणि इमारतीच्या दुरुस्ती निधीतील शिल्लक तपासल्याशिवाय, तसेच मोठी दुरुस्ती नजीकच्या काळात प्रस्तावित आहे का हे लेखी विचारल्याशिवाय, बयाणा देऊ नका. इमारतीच्या नियमांत भाडेकरू ठेवण्यावर काही बंधने आहेत का, हेही त्याच वेळी विचारावे. घर घेतल्यानंतर ते कळणे फार महागात पडते.

प्रश्न : दलाल प्रत्येक परिसराला ‘येथे घर एक दिवसही रिकामे राहत नाही’ असेच म्हणतात. सामान्य माणसाने खरी मागणी कशी ओळखावी?

उत्तर : यासाठी पैसे लागत नाहीत, पण दीड-दोन महिने आणि बरेचसे पायी फिरणे लागते. मला यातील सर्वांत विश्वासार्ह वाटणारी पद्धत अगदी साधी आहे. आठवड्यातील कामाच्या दिवशी रात्री आठ-नऊच्या सुमारास परिसरात जावे आणि इमारतींच्या उजळलेल्या खिडक्या मोजाव्यात. विकली गेलेली घरे आणि राहती घरे यांत केवढा फरक असू शकतो, ते तेव्हा दिसते. ज्या संकुलात सर्व घरे विकली गेली असूनही निम्म्या खिडक्या अंधारात आहेत, तेथे मालक बहुतेक गुंतवणूकदार आहेत आणि त्यातील प्रत्येक जण आपल्यासारखाच भाडेकरू शोधत आहे. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये. सुट्टीचा काळ टाळून तीन-चार वेळा जावे.

जाहिरातींचीही अशीच नोंद ठेवावी. भाड्याच्या घरांच्या जाहिराती पहिल्या आठवड्यात वहीत उतरवून ठेवाव्यात आणि दर आठवड्याला त्यातील कोणत्या गेल्या, कोणत्या राहिल्या, कोणाचे भाडे खाली आले, ते लिहावे. महिन्याभरात जवळपास सगळ्या जाहिराती बदलल्या असतील तर मागणी खरी आहे. तीच घरे दोन महिन्यांनंतरही दिसत असतील तर मागितले जाणारे भाडे ही केवळ मालकांची इच्छा आहे. याशिवाय आपल्या ओळखीचे कोणी तेथे खरोखरच भाड्याचे घर शोधत असेल, तर त्यांच्याबरोबर जावे. भाडेकरूला दाखवताना तोच दलाल किती घासाघीस करू देतो, ते ऐकले की परिसराची खरी ओळख पटते.

घर सोडून जाणाऱ्या भाडेकरूशी बोलता आले तर ती संधी दवडू नये. तो का जात आहे? नोकरी बदलली म्हणून, की पाणी पुरत नाही, वाहन लावायला जागा नाही, रात्री उशिरा परतताना रस्ता सुरक्षित वाटत नाही म्हणून? पहिले कारण परिसराचे नाही. बाकीची सर्व पुढच्या भाडेकरूलाही लागू होणार आहेत. एकट्या राहणाऱ्या स्त्रिया एखाद्या भागात निर्धास्तपणे राहतात की नाही, याला मी फार महत्त्व देतो, कारण जेथे त्या टिकून राहतात तेथे दिवे, वाहतूक आणि शेजार या तिन्ही गोष्टी बहुधा नीट असतात. आणि एकदा जोरदार पावसात जाऊन रस्त्यावर पाणी किती साचते, तेही पाहावे.

प्रश्न : एका मोठ्या कंपनीच्या कचेरीसमोरच्या संकुलात घर घ्यावे की विद्यापीठाजवळ? दोन्हीकडे भाडेकरू भरपूर आहेत.

उत्तर : दोन्हीकडे धोका एकाच प्रकारचा आहे : परिसराचे भाडे एकाच आधारावर उभे आहे. मोटार उद्योगावर वाढलेल्या अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची लोकसंख्या 1950 मध्ये सुमारे साडेअठरा लाख होती, ती 2020 पर्यंत सुमारे 6 लाख 40 हजारांवर आली. उपनगरांकडे झालेले स्थलांतर हेही त्याचे मोठे कारण होते, पण कारखाने कमी झाले की भाडे देणारे हातही कमी होतात, हे त्या शहराने सोसले. इतकी मोठी पडझड सगळीकडे होत नाही, हे खरे. मात्र एका कंपनीने कचेरी हलवली किंवा निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू दिले, तरी समोरच्या संकुलाचे भाडे पडायला तेवढे पुरते.

विद्यापीठ सहसा हलत नाही, म्हणून या दोहोंत ते मला बरे वाटते. परंतु विद्यार्थ्यांची ये-जा शैक्षणिक वर्षाप्रमाणे चालते; प्रवेशाचा हंगाम चुकला तर घर अनेक महिने रिकामे राहू शकते, आणि विद्यापीठाने स्वतःचे नवे वसतिगृह बांधले तर मागणी एकदम घटते. त्याऐवजी मोठे रुग्णालय, एखादे महाविद्यालय, काही कचेऱ्या आणि चांगल्या शाळा या सर्वांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेला परिसर शोधावा, मग तो त्यांतील कोणाच्याही दारात नसला तरी चालेल. परिचारिका आणि निवासी डॉक्टरांना पाळीच्या वेळा सांभाळायच्या असल्याने जवळचे घर हवे असते. शाळकरी मुले असलेले कुटुंब शाळेसाठी वर्षानुवर्षे जागा सोडत नाही. एका प्रकारचा भाडेकरू कमी झाला तर दुसऱ्या प्रकारचा येतो.

प्रश्न : एक जुनी, कष्टकऱ्यांची वस्ती ‘पालटत आहे’ असे ऐकतो. आत्ताच तेथे स्वस्तात घर घेऊन ठेवावे का?

उत्तर : वस्त्यांच्या अशा पालटाकडे समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनचा अभ्यास करताना 1964 मध्ये लक्ष वेधले आणि त्याला ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिले. मध्यमवर्गीय लोक कष्टकऱ्यांच्या वस्तीत घरे घेतात, दुरुस्त करतात, भाडी चढतात आणि मूळ रहिवाशांना तेथे राहणे परवडेनासे होते, हे त्यांचे निरीक्षण होते. तेव्हा आपण विचारलेल्या व्यवहाराला दोन बाजू आहेत. पहिली हिशेबाची : पालट खरोखर सुरू झाला असेल तर त्याच्या खुणा रस्त्यावर दिसतात, म्हणजे दुरुस्त झालेली घरे, नीट झालेले सांडपाणी, सुधारलेली शाळा, वाढलेल्या बसफेऱ्या. या खुणा नसतील आणि केवळ बोलवा असेल, तर पालटाला वीस वर्षेही लागू शकतात आणि तोवर आपल्याला आजच्या वस्तीच्या आजच्या भाड्यावरच भागवावे लागेल.

दुसरी बाजू तेथे आधीपासून राहणाऱ्यांची आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. ज्या घरातून भाडेकरू कुटुंबाला बाहेर काढूनच हिशेब जुळतो, ते घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे राहणारे कुटुंब वेळेवर भाडे देत असेल आणि त्या भाड्यात आपला व्यवहार बसत असेल, तर त्यांना तसेच राहू द्यावे. रिकाम्या महिन्यांचा वर मांडलेला हिशेब पाहता टिकून राहणारा भाडेकरू मालकाच्याही फायद्याचा असतो.

प्रश्न : घर आमच्याच भागात घ्यावे की परतावा जास्त असलेल्या दूरच्या शहरात? थोडे कर्जही काढावे लागेल.

उत्तर : पहिले भाड्याचे घर तासाभराच्या अंतरात असावे. नळ फुटला, भाडेकरू बदलला किंवा भाडे थकले की स्वतः जावे लागते आणि दूरच्या शहरात हे काम माणूस नेमून करून घेतल्यास परताव्यातला फरक त्याच्या मेहनतान्यातच संपतो. मात्र आपल्या भागाविषयीच्या प्रेमामुळे हिशेब सैल होऊ देऊ नका. जो भाग आपल्याला राहायला आवडतो, तो भाड्यासाठी चांगला असेलच असे नाही. कर्जाबाबत एवढेच पाहावे की व्याजाचा दर सर्व खर्च वजा जाता उरणाऱ्या परताव्यापेक्षा जास्त असेल, आणि बहुधा तो असतोच, तर फरक दरमहा आपल्या खिशातून जाणार आहे. भाडे अजिबात न येता सहा महिने हप्ते भरता येतील इतकी रक्कम बाजूला ठेवून उरेल तेवढ्याच पैशांत घर पाहावे, आणि ती रक्कम उरत नसेल तर खरेदी वर्षभर पुढे ढकलावी.