दुसऱ्याचं चित्र बघून स्वतःचं काढलं तर कॉपी होते का?

प्रश्न: सर, कॉलेजच्या ट्रिपला दिल्लीत जयपूर हाऊसमधली नॅशनल गॅलरी बघितली, तिथली चित्रकार अमृता शेरगिलची सेल्फ पोर्ट्रेट डोक्यातून जातच नाहीत. मलाही माझं चित्र काढायचंय, पण मैत्रीण म्हणते ही तर कॉपी. ऑइल कलरला पैसे नाहीत, सेल्फीवरून काढलं तर चेहरा माझा वाटत नाही, आणि आजी म्हणते, "सोताचंच थोबाड काय काढून राह्यली वं!" सुरुवात कशी करू?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: बाळा, कॉपीची भीती आधी काढून टाक. शेरगिलनंच १९३४ मध्ये पॅरिसला असताना फ्रेंच चित्रकार गोगँची ताहिती बेटावरच्या बायकांची चित्रं डोळ्यांपुढे ठेवून स्वतःला ताहितीची बाई म्हणून रंगवलंय, पण चेहरा तिचाच आहे ना. तूही आवडलेल्या चित्रातली एकच गोष्ट घे, नजर घे नाहीतर उजेड घे, बाकी सगळं आरशात बघून काढ.

आरसाच घे, सेल्फी नको. फोन हातभर अंतरावर असतो, इतक्या जवळून नाक मोठं दिसतं अन् कान मागे जातात, मग चेहरा आपला कसा वाटणार? डच चित्रकार व्हॅन गॉगकडेही मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं चांगला आरसा आणून स्वतःलाच समोर बसवलं. आरशात डावं-उजवं उलटतं तेवढं ध्यानात ठेव, त्यानं स्वतःचा कापला डावा कान पण १८८९ च्या चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते.

दुपारी ओसरीवर दाराला आडवी बस, एक गाल उजेडात, एक सावलीत. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मधोमध येतात, नवीन पोरं हमखास वर काढतात.

रंगांचं टेन्शन घेऊ नको, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, आहे ना घरी! बारीक सरळ काड्या सोलून पत्र्याच्या डब्यात दाटून भर, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाड अन् डबा चुलीच्या विस्तवात ठेव, भोकातून धूर यायचा थांबला की चिमट्यानं बाहेर काढ, पण पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही, गरम असताना हवा लागली की काड्या पेटतात अन् हाती राख येते. झाला चारकोल, म्हणजे चित्र काढायचा कोळसा. कागद वह्यांना कव्हर घालतो तो खाकी घे, आपल्या उन्हातल्या कातडीला तो पांढऱ्यापेक्षा कितीतरी जवळचा, सावली कोळशानं काढ अन् कपाळावरचा, नाकावरचा उजेड पांढऱ्या खडूनं. दुकानातल्या त्या गुलाबी 'स्किन कलर'ला तर हातही लावू नको, मला मनापासून राग आहे त्याचा.

आजीला सांग, रेम्ब्रांट नावाचा मोठा डच चित्रकार तरुणपणापासून १६६९ पर्यंत, म्हणजे मरायच्या वर्षीही स्वतःला रंगवत होता, सुरकुत्या अन् जाड नाकासकट. तूही गोरी, गुळगुळीत होऊ नको, उन्हानं रापलेलं रापलेलंच काढ. कोळसा पुसला जातो, म्हणून चित्र गुंडाळू नको, वर बटर पेपर लावून सपाट ठेव.