तापी खानदेशातून वाहते, मग सुरतेची जहाजं आपल्याकडे का आली नाहीत?

तुम्ही विचारलंय की तापी चोपडा-शिरपूरकडून जाते, सुरतेपाशी समुद्राला मिळते, मग मोगलांच्या काळात परदेशी जहाजं थेट खानदेशात का येत नव्हती. अहो, खानदेशाचं सोडा, ती धड सुरतेतही शिरत नव्हती!

तापीच्या मुखाशी गाळ साचून पाणी उथळ होतं. शहराच्या धक्क्याला लागायच्या त्या लहान होड्या, त्याही भरती साधून. मोठी जहाजं थांबायची मुखाच्या उत्तरेला सुवालीला. तिथे किनाऱ्याला समांतर रेतीचा एक लांबलचक दांडा होता, ओहोटीला उघडा पडणारा. दांडा आणि किनारा यांच्या मधोमध सुमारे 7 मैल लांबीचा खोल पाण्याचा पट्टा. बाहेर समुद्र उसळत असला तरी लाट दांड्यावर फुटायची आणि आत जहाज निवांत. पावसाळा ओसरला की जहाजं यायची, हिवाळ्यात माल भरून परत निघायची. सुवाली ते सुरत हा पल्ला माल बैलगाडीने नाहीतर होडीने. इंग्रजांच्या कागदांत या जागेचं नाव 'स्वॉली होल' असं आहे.

या पट्ट्याने इतिहासही बदलला. 1612 च्या नोव्हेंबरअखेर कॅप्टन थॉमस बेस्टची दोन इंग्रज जहाजं, रेड ड्रॅगन आणि ओसिअँडर, इथे पोर्तुगीजांच्या चार मोठ्या जहाजांशी भिडली. पोर्तुगीज जहाजं अवजड, पाण्यात खोल बसणारी. लढता लढता त्यांतली काही रेतीत रुतली आणि भरती आल्यावरच सुटली. लगेच पुढे 1613 मध्ये सुरतेत वखार घालायला इंग्रजांना बादशाही फर्मान मिळालं. 1615 च्या सुरुवातीला पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय मोठं आरमार घेऊन आला, तेव्हाही याच उथळ पाण्याच्या आडोशाने इंग्रज कप्तान डाउंटनची जहाजं वाचली. मला विचाराल तर तोफांइतकंच श्रेय रेतीला द्यायला हवं.

सुवाली मी पाहिलंय. माझे मेहुणे सुरतेत उधन्याला असतात (अर्धा खानदेश तिथेच आहे म्हणा), त्यांच्यासोबत गेलो होतो. पोचलो तेव्हा ऐन ओहोटी. काळसर, चिकट रेती लांबवर पसरलेली, पायाखाली बारीक नक्षी उमटलेली, तिच्यातून खेकड्यांची पिल्लं पळताहेत आणि पाणी म्हणाल तर दूर एक चकाकती रेघ. मेहुणे म्हणाले, "समुंदर कथा गया भो?" (समुद्र गेला कुठे?) खंभातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा, त्यामुळे पाणी आत रेटलं जातं, भावनगरकडे तर भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या पुढे जातो. डावीकडे हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या. जुना पट्टा केव्हाच गाळाने भरला, आता मोठी जहाजं हजिरा बंदरात येतात. आखातातला गाळ आजही कुणाला जुमानत नाही. 2017 साली मोठा गाजावाजा करून सुरू झालेली घोघा-दहेज फेरीबोट गाळानेच थांबवली आणि 2020 मध्ये फेरी घोघा-हजिरा अशी वळवावी लागली. तो गाळ नुसता गुजरातचा नाही. पावसाळ्यात थाळनेरच्या किल्ल्याखाली तापी बघा, चहाच्या रंगाचं पाणी. आपल्या रानातली काळी माती वाहून चाललेली असते.

आता नदीतून वर येण्याचं. मुलताईपासून समुद्रापर्यंत तापी 724 किलोमीटर, पण ती जहाजांची नदी नाहीच. पावसाळ्यात पूर असा की दोन्ही दरडी भरून वाहणार, उन्हाळ्यात मात्र डोह तेवढे शिल्लक. आमच्या लहानपणी पात्रातल्या वाळूत टरबुजाच्या वाड्या असायच्या. जिथे टरबूज पिकतं तिथे गलबत काय तरणार? भोयांच्या नावा होत्या, पण त्या या काठावरून त्या काठावर जायला. शिवाय प्रकाशा गावाच्या खाली नदी सातपुडा आणि सह्याद्रीच्या फाट्यांमधल्या खडकाळ भागातून गुजरातेत उतरते. त्यातला बराच भाग आता उकाई धरणाच्या पाण्याखाली आहे, म्हणून आज पाहून तो अंदाज येत नाही.

म्हणून माल जायचा जमिनीवरून. कापूस, नीळ, बऱ्हाणपूरचं कापड, सगळं लमाणांच्या बैलांवर आणि गाड्यांवर. वाट नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर, बऱ्हाणपूर अशी. इंग्रज राजदूत थॉमस रो सप्टेंबर 1615 मध्ये सुवालीला उतरला आणि नोव्हेंबरमध्ये याच वाटेने बऱ्हाणपूरला गेला. तावर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने तर नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असं लिहून ठेवलंय. नवापूरचा तांदूळ घरी शिजला की मला हटकून त्याची आठवण येते. म्हणजे बंदर आपलंच होतं, फक्त पंधरवड्याच्या वाटेवर. पुढे मुंबईची रेल्वे आली आणि कापूस तिकडे वळला. सुरत-जळगाव लोहमार्ग 1900 साली पुरा होईपर्यंत सुवालीचे दिवस कधीच संपले होते.

गंमत म्हणजे 2016 च्या कायद्याने तापी चक्क राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 100 आहे, आपल्या हतनूर धरणापासून थेट समुद्रापर्यंत! मध्ये सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, उकाई, काकरापार इतके बांध, आणि जहाज वर-खाली करायची सोय एकाही ठिकाणी नाही.

सुवालीला जाणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून निघा, म्हणजे दांडा म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल. रेतीवर फार आत मात्र जाऊ नका, पाणी परत येतं ते माणसाच्या चालीपेक्षा वेगाने.