अंतराळात अडकलेल्यांची कादंबरी पहिल्यांदा वाचताना

पहिल्या काही प्रकरणांत घाई करू नकोस. यानाचे भाग, माणसं आणि साठा तिथंच येतो. तो वहीच्या एका पानावर उतरवून घे. पुढं कुणी “हवा पुरणार नाही” म्हटलं की हिशेब तुलाच मांडता येतो. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो जवळपास १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. बंद खोलीत ऑक्सिजन संपण्याआधी बहुतेकदा हा वायूच घात करतो: आधी डोकेदुखी, मग गुंगी, मग चुकीचे निर्णय. त्यामुळं शहाणं पात्र अचानक भलतंच वागलं, तर लेखकाला दोष देण्याआधी हवा शुद्ध करणारं यंत्र चालू आहे का ते बघ. मला तर अशा कथांतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

अंतराचंही भान ठेव. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर, म्हणजे बेळगावहून मुंबई सरळ रेषेत जेवढी, तेवढंच. मंगळावरून मात्र निरोप यायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. तिथं फोनसारखा संवाद चालला तर ती चूक.

अडलेल्या शब्दापाशी थांबू नकोस, प्रकरण संपल्यावर बघ. पुस्तक वाचनालयाचं असेल तर खुणा चिठ्ठीवर कर, पानावर नको.