मेबॅकचा भगवा विटकरी का दिसालाय?

प्रश्न : दादा, मी मंगळवार पेठेत राहतो, इंजिनिअरिंगला आहे. दसऱ्याला सोनं लुटायच्या कार्यक्रमाला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी भगवी मेबॅक गाडी येते ना, तिचं दीड फुटी मॉडेल करालोय. बॉडी सनबोर्डची (फोमच्या शीटची), मडगार्ड थर्माकोल घासून केलेत. ग्रे प्रायमरवर (रंगाआधीच्या थरावर) ऑरेंज स्प्रे मारला तर विटकरी दिसालंय, दोन डबे संपले तरी तसंच. एक मडगार्ड तर स्प्रे लागल्या लागल्या खड्डे पडून विरघळलं आणि काल पावसात मारलेला कोट पांढरट पडलाय. कुठला शेड घेऊ?

उत्तर : भावा, तिसरा डबा आणू नकोस. तुझा शेड बरोबर आहे, खालचा प्रायमर चुकलाय. ऑरेंज, पिवळा, लाल ह्या रंगांना झाकायची ताकद मुळातच कमी, त्यामुळं खालचा ग्रे वर येत राहतो आणि तू कितीही कोट चढवलेस तरी नुसती जाडी वाढते, दाराच्या रेषा बुजतात. पांढरा प्रायमर मार, त्यावर पिवळ्याचा एक पातळ हात आणि मग तुझा तोच ऑरेंज. आधी प्लास्टिकच्या तीन चमच्यांवर करून बघ, एकाला ग्रे, एकाला पांढरा, एकाला पांढऱ्यावर पिवळा, वाळल्यावर उन्हात शेजारी शेजारी धर. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही.

आणि मोबाईलमधल्या फोटोवरनं शेड जुळवत असशील तर सांभाळून, सोनं लुटतात ते सूर्यास्ताला, त्या उजेडात भगवा असतो त्यापेक्षा लालसर दिसतो. शिवाय लहान मॉडेलवर तोच रंग गडद वाटतो, म्हणून अर्धा टोन फिकाच बरा.

पांढरट पडलं ते आपल्या पावसाळ्यामुळं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंगात अडकतं. उघडीप मिळंल त्या दिवशी दुपारी परत एक पातळ कोट दे, बऱ्याचदा निघून जातं, नाही गेलं तर हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात हलकं घासून मग मार. डबा आतली गोळी सुटल्यावर पण दोन मिनिटं हलव, गार पडला असंल तर कोमट पाण्यात धर, उकळत्या पाण्यात अजिबात नाही, फुटतो. वीसेक सेंटीमीटरवरनं, फवारा मॉडेलच्या बाहेर चालू करून बाहेरच बंद करायचा, म्हणजे ओघळ येत नाहीत. पहिला कोट धुरळा बसल्यासारखा दिसला तरी चालतंय, दहा मिनिटांनी दुसरा. प्रायमर, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक कोट) शक्यतो एकाच कंपनीचे घे, इनॅमल जातीच्या रंगावर लॅकर जातीचा बसला की कातडीगत सुरकुत्या पडतात आणि सगळं खरवडावं लागतं. गच्चीवर मार, खोलीत नको, साध्या कापडी मास्कनं थिनरची वाफ अडत नाही.

थर्माकोलला स्प्रेमधलं थिनर खाऊन टाकतं. फेविकॉलमध्ये बुडवलेल्या वर्तमानपत्राचे दोन-तीन थर चिकटव, पूर्ण वाळू दे, एक बारीक भोक राहिलं तरी आतनं पोकळ होतंय. विरघळलेलं मडगार्ड मात्र लांबी (पुट्टी) भरून वाचवत बसू नकोस, नवीनच कर, आणि त्याच्या जोडीचं दुसरं पण सोबतच कापून घे, म्हणजे दोन्हीची गोलाई सारखी येईल.