जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा जोड पान्ह्याने आवळूनही पाणी का ठिबकतं?

रावेरकडच्या केळीच्या मळ्यातल्या मोटारीच्या जोडाबद्दल विचारलंय. नुसतं आवळून भागत नाही, कारण पाणी आट्यांमधूनच (जोडाच्या मळसूत्री खाचांमधूनच) वाट काढतं. आटे निमुळते असतात, 16 मिमी लांबीला व्यासात 1 मिमीचा फरक. म्हणून ते पाचरीसारखे दाबून बसतात. तरी आट्याचं टोक आणि समोरची खाच यांत मळसूत्री फट उरतेच. ती टेफ्लॉन टेपने किंवा सफेदा (सांधे बुजवायची पांढरी लुकण) लावलेल्या तागाने बुजते. मला स्वतःला जाड जीआयला तागच बरा वाटतो. टेप लावायची तर पाइपचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली की आवळताना गोळा होऊन बाहेर येते. घट्ट बसल्यावर तोटी सरळ करायला जोड मागे फिरवू नका, टेप सैल पडते. पीव्हीसीचा जोड आवळताना जोर नको, सॉकेट (ज्यात पाइप बसतो तो तुकडा) चिरतं.