वेळ वाटायचा कसा? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी नववीत आहे. सात विषय आहेत. रोज प्रत्येकाला अर्धा तास असं वेळापत्रक करते, पण गणित लांबतं आणि बाकीचे विषय मागे पडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं बारगळतं. कुठे चुकतंय?

उत्तर : तू दिवस वाटते आहेस, वाटायला हवा आठवडा. भूमितीची आकृती काढून सिद्धता सुचेसुचेपर्यंत अर्धा तास उलटतो. शिवाय रोज सात वेळा वह्या-पुस्तकं बदलायची, म्हणजे दर वेळी नव्याने मन लावायचं.

आधी हातात किती तास आहेत ते मोज. समज, शाळेच्या पाच दिवशी अडीच-अडीच तास आणि सुट्टीच्या दोन दिवशी चार-चार तास मिळतात. झाले साडेवीस. त्यातून गृहपाठाचे सहा तास वजा कर, कारण तो टळत नाही. उरले साडेचौदा. यातले तीन तास कोणत्याही विषयाच्या नावावर टाकू नकोस. डोकं दुखेल, पाहुणे येतील, एखादा धडा अंदाजापेक्षा लांबेल. त्या दिवशी बुडालेलं इथे भरून निघेल. बहुतेक वेळापत्रकं मोडतात ती आळसामुळे नव्हे, ही मोकळी जागा न ठेवल्यामुळे.

आता राहिले साडेअकरा तास. ४५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं विश्रांती असं एक सत्र धरलं, तर जेमतेम १४ सत्रं होतात. सातही विषयांना आधी एकेक सत्र दे, आवडता असो वा नावडता. उरलेली सात कमकुवत विषयांना. कमकुवत कोणते हे मनाने ठरवू नकोस. मागच्या दोन चाचण्यांचे पेपर काढ आणि गुण कुठे गेले ते बघ. उदाहरणार्थ गणिताला आणखी तीन, विज्ञानाला दोन, इतिहासाला एक आणि ज्या भाषेचं व्याकरण कच्चं आहे तिला एक. ही वाटणी कायमची नाही. दर चाचणीनंतर पुन्हा कर.

गणिताची ही चार सत्रं मात्र चार वेगळ्या दिवशी ठेव. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या माळा तो स्वतःच पाठ करत असे. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्यावरही साधलं, असं त्याला आढळलं. मधल्या दिवसांत थोडं विसरायला होतं हे खरं, पण पुन्हा आठवताना जो जोर लावावा लागतो तोच कामी येतो.

राहिलं गणिताचं लांबणं. एका उदाहरणावर १५ मिनिटं अडलीस, की कुठल्या पायरीवर अडलं ते समासात लिही आणि पुढचं उदाहरण घे. सत्र संपलं की वही मिट, उदाहरण अर्धवट असलं तरी. हे जड जातं. पण आज गणिताला दिलेला जादा अर्धा तास भूगोलाच्या खिशातूनच जातो. आणि सत्रासमोर नुसतं ‘गणित’ लिहू नकोस. ‘वर्गसमीकरणं, संच २, उदाहरणं १ ते ८’ असं लिही, म्हणजे बसल्यावर ‘काय करू’ यात दहा मिनिटं जाणार नाहीत.

प्रश्न : मुलगा इतिहासाला भरपूर वेळ देतो, धडा तीन-तीनदा वाचतो. तरी पेपरात आठवत नाही. वेळ आणखी वाढवावा का? (एक पालक)

उत्तर : वाढवू नका, आहे तोच वेगळा वापरायला सांगा. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘येतंय’ असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.

४५ मिनिटांत २० मिनिटं वाचन, मग पुस्तक मिटून १५ मिनिटं कोऱ्या कागदावर आठवेल ते : घटना, सनावळी, कारणं. शेवटची १० मिनिटं पुस्तकाशी ताडून, सुटलेलं वेगळ्या शाईने लिहायचं. पुढच्या सत्राची सुरुवात त्या वेगळ्या शाईपासून. पहिल्या दोन-तीन वेळा कागद अर्धा रिकामाच राहील. तेव्हा रागावू नका, काय येत नाही ते त्याला त्यावरूनच कळणार आहे.

प्रश्न : एका संध्याकाळी विषयांचा क्रम कसा लावावा?

उत्तर : नावडता विषय शेवटी ठेवू नका. उशीर झाला की पहिली कात्री शेवटच्या सत्रालाच लागते, आणि मग तो एकच विषय आठवडाभर बुडत राहतो. दोन भाषांचे शब्दार्थ पाठोपाठ घेतले तर एकमेकांत मिसळतात. मध्ये गणित किंवा विज्ञान घाला. बाकी क्रम सोयीप्रमाणे लावा.