गोव्यात बारावीनंतर पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करावं का? पुढे नोकरी मिळते का?

तू बारावीत आहेस असं लिहिलंयस, म्हणून एकेरीतच लिहितो. मी गोव्यातच हा विषय घेऊन बी.एस्सी. केलं, तेही डिचोलीतल्या, खाणीच्या ट्रकवर चालणाऱ्या घरातून. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि आमचा ट्रक अंगणात उभा राहिला. हप्ते मात्र चालूच. मी प्रवेश घेतला तेव्हा बाबा म्हणाले, "आमच्या पोटावर पाय देणाऱ्यांचं शास्त्र शिक आता."

सगळ्या शाखांना पर्यावरणाचा जो सक्तीचा पेपर असतो, त्यावरून या पदवीचा अंदाज बांधू नकोस. तो आदल्या रात्री वाचून सुटतो. इथे मोठा वाटा रसायनशास्त्राचा; मग जीवशास्त्र, भूशास्त्र, संख्याशास्त्र आणि थोडा कायदा. झाडं-पक्षी आवडतात म्हणून आलेले माझे दोन वर्गमित्र टायट्रेशनला (थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजण्याला) कंटाळून सोडून गेले.

मला मात्र त्या टायट्रेशननेच धरून ठेवलं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला ३०० मिलीची बाटली आत एकही बुडबुडा न ठेवता भरायची आणि तिथेच काठावर मँगेनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मांडवीच्या पाण्यात छान तपकिरी आला. त्याच दिवशी एका नाल्याचं पाणी भरलं, तर साका दुधासारखा. आकडा काढायच्या आधीच कळलं की इथे मासा जगत नसणार.

आणि गोव्यात शिकायचा खरा फायदा म्हणजे तासाभराच्या बसप्रवासात घाट, खाण, खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन) आणि समुद्र. खाजनातली मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, ओहोटीला जाऊन बघच. भरतीच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं. ना वीज, ना मोटर. आत खाऱ्या मातीत तग धरणारं कोरगुट भात. पण बांध फुटून खारं पाणी शिरलं की खारफुटी उगवते, आणि मग परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. शेतकऱ्याची बाजू धरायची की खारफुटीची? व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला हेच विचारलं होतं. नुसता आंवढा गिळला.

आता नोकरी. नुसत्या बी.एस्सी.वर पाणी-हवा तपासणाऱ्या खासगी लॅब, औषध कंपन्यांचे सांडपाणी प्रकल्प, मोठ्या हॉटेलांचे एसटीपी (मैलापाणी शुद्ध करणारे प्रकल्प), एवढंच. सुरुवातीचा पगार बेताचा. केंद्राच्या २००६च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पांच्या पर्यावरणावरच्या परिणामांचे अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्या बहुतेक एम.एस्सी. मागतात. दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था किंवा वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र डोक्यात असेल तर एम.एस्सी. आणि नेट परीक्षा धरूनच चल. माझं पहिलं काम खनिज वाहतुकीच्या रस्त्यावरची धूळ मोजण्याचं. एकदा वापरलेला फिल्टर पेपर घरी नेला होता, नेऊ नये खरं तर. बाबांनी तो तांबडा कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

म्हणून माझं मत: पाच वर्षं शिकायची तयारी असेल तर घे. तीन वर्षांत कमवायलाच हवं असेल तर रसायनशास्त्रात बी.एस्सी. कर आणि एम.एस्सी.ला पर्यावरणाकडे वळ. दरवाजे जास्त उघडे राहतात. प्रवेशाआधी प्राचार्यांना भेटण्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि दोनच गोष्टी विचार: वर्षातून किती वेळा बाहेर नेतात, आणि लॅबमधला बीओडी इनक्युबेटर (पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते बघायला नमुने ठरावीक तापमानात ठेवायचं कपाट) चालू आहे की त्यात कोणी जेवणाचे डबे ठेवतं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षापर्यंत डबेच होते.